स्तन काढल्यानंतरही पाठपुरावा का हवा?

जैनथ : शस्त्रक्रियेने स्तन काढून टाकला म्हणजे कर्करोग कायमचा गेला, असा समज आजही अनेक घरांत आढळतो. पैनगंगेच्या खोऱ्यातील जैनथसारख्या गावातून विशेष उपचारांसाठी नागपूर किंवा हैदराबाद गाठावे लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत रोजगार बुडवून असा प्रवास करणे कुटुंबाला जड जाते. अशा वेळी ‘आता काय तपासायचे?’ हा प्रश्न स्वाभाविक असला तरी तो धोक्याचा आहे.

स्तनाच्या ऊती गळ्याच्या हाडाखालपासून काखेपर्यंत पसरलेल्या असतात. शल्यविशारद त्यांतील बहुतांश भाग काढतात. मात्र त्वचेखाली आणि छातीच्या स्नायूंवर थोड्या पेशी उरू शकतात. त्यामुळे व्रणाजवळ, काखेत किंवा गळ्याच्या हाडावर गाठ पुन्हा उद्भवू शकते. काही पेशी शस्त्रक्रियेपूर्वीच रक्तावाटे हाडे, फुप्फुसे वा यकृतापर्यंत पोहोचलेल्या असण्याचीही शक्यता असते.

अमेरिकेतील डॉ. बर्नार्ड फिशर यांनी १,८५१ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. संपूर्ण स्तन काढलेल्या आणि केवळ गाठ काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही. रोगाचे भवितव्य केवळ शस्त्रक्रियेच्या विस्तारावर ठरत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणूनच गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असल्यास किंवा काखेतील चार वा अधिक ग्रंथी बाधित असल्यास सामान्यतः किरणोपचार सुचवले जातात. संप्रेरकांवर पोसणाऱ्या कर्करोगात टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून ती मध्येच सोडू नये; या प्रकारचा रोग १५-२० वर्षांनीही उलटू शकतो.

निरोगी स्त्रिया आनुवंशिक धोक्यामुळे स्तन काढून घेतात, तेव्हाही धोका शून्यावर येत नाही. अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी २०१३ साली अशी शस्त्रक्रिया करून घेतली. आपला धोका ८७ टक्क्यांवरून पाच टक्क्यांहून खाली आल्याचे त्यांनी लिहिले होते.

सर्वसाधारणपणे पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढील दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी दरवर्षी आवश्यक असते. व्रणाजवळ गाठ वा लालसर पुरळ, काखेत गोळा, सतत हाडदुखी, न थांबणारा खोकला, विनाकारण घटणारे वजन ही लक्षणे दिसल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

काखेतील ग्रंथी काढल्यास त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. शेतात काम करताना त्या हाताला काटा वा जखम होणार नाही, याची काळजी घ्यावी आणि जखम झाल्यास ती लगेच धुऊन उपचार घ्यावेत.

छातीवरच्या व्रणाकडे लाजेपोटी दुर्लक्ष होते आणि मौल्यवान वेळ निघून जातो. रोग उलटला तरी तो लवकर कळल्यास पुष्कळदा उपचार शक्य असतात. त्यासाठी स्त्रीने तपासणीची तारीख लक्षात ठेवावी आणि त्या दिवशी तिला शेतातून मोकळीक मिळेल, हे घराने पाहावे.