पेशींतील भारवाहक



उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे सातारा-सांगली भागांतील साखर कारखान्यांच्या वाटेवर अजूनहि बैलगाड्या दिसतात. एका बैलाला न पेलणारें ओझें जोडी ओढते. मात्र एक बैल मागें रेंगाळला कीं सारा भार दुसऱ्यावर पडतो. आपल्या शरीरांतील प्रत्येक पेशीपुढें हाच प्रश्न आहे. तो सोडविणाऱ्या एका शास्त्रज्ञाच्या कार्याचा परिचय आज करून द्यावयाचा आहे.

पेशी म्हणजे निव्वळ द्रवानें भरलेली पिशवी नव्हे. तिच्यांत सूक्ष्मनलिकांचे रस्ते असतात आणि त्यांवरून प्रथिनांचे भारवाहक निरनिराळा माल नेत असतात. कण्यापासून पावलापर्यंत जाणारा मज्जातंतु सुमारे १ मीटर लांब असतो. कण्याजवळ तयार झालेला माल आपोआप तरंगत टोकाला जावयाचा तर मनुष्याचें आयुष्यहि पुरणार नाहीं. म्हणून तो वाहून न्यावा लागतो.

१९८५ सालीं अमेरिकेंत रोनाल्ड व्हेल, थॉमस रीस आणि मायकेल शीट्झ यांनीं स्क्विड या समुद्रजीवाच्या मज्जातंतूंतून कायनेसिन नांवाचा भारवाहक शोधून काढला. तो बहुधा पेशीच्या मध्याकडून कडेकडे चालतो. त्याचें पाऊल ८ नॅनोमीटरचें; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. उलट दिशेनें चालणारा भारवाहक म्हणजे डायनीन. एकेकट्याचें बळ मोजलें तेव्हां डायनीन कायनेसिनपेक्षां बराच दुबळा ठरला. तथापि पेशींतील मोठीं ओझीं तो ओढतो, हें कसें?

या प्रश्नाकडे वळले ते रूप मलिक. त्यांचें मूळ शिक्षण पदार्थविज्ञानाचें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत धातूंच्या चुंबकीय गुणधर्मांवर काम करून ते अमेरिकेंत गेले व तेथें स्टीव्हन ग्रॉस यांच्या प्रयोगशाळेंत जीवशास्त्राकडे वळले. डायनीनला प्लास्टिकचा सूक्ष्म मणी जोडावयाचा, तो लेसर किरणांच्या चिमट्यांत धरावयाचा आणि डायनीन किती जोरानें ओढतो तें पाहावयाचें, अशी ही रीत. नॅनोमीटरच्या मापांत जें दिसलें तें २००४ सालीं प्रसिद्ध झालें: भार नसतां डायनीन २४ ते ३२ नॅनोमीटरची लांब ढांग टाकतो, भार वाढला कीं ती ८ नॅनोमीटरवर येते. खंबाटकीचा घाट चढतांना मोटार चालविणारा गिअर बदलतो, तसाच हा प्रकार.

मुंबईस परतल्यावर मलिक व त्यांचे सहकारी यांनीं पेशींच्या आंत शिरलेल्या मण्यांवर हेच प्रयोग केले. २०१३ सालीं त्यांनीं दाखविलें कीं गिअरचा खरा उपयोग समूहांत होतो. पुढच्या डायनीनवर भार पडतो, म्हणून तो आंखूड पावलें टाकतो. मागच्यावर भार नसतो, म्हणून तो लांब ढांगा टाकीत त्याला गांठतो. अशा रीतीनें सारे जवळ येऊन भार वाटून घेतात. कायनेसिनला हें साधत नाहीं. भार असो वा नसो, त्याचें पाऊल तेंच राहतें. या संशोधनाबद्दल मलिक यांना २०१४ सालीं शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार व २०१८ सालीं इन्फोसिस पुरस्कार मिळाला. पुढें ते मुंबईच्याच आयआयटींत गेले.

आतां याचें महत्त्व पाहूं. रक्षक पेशी जंतूला गिळते तेव्हां तो एका पिशवींत कोंडला जातो. डायनीन ती पिशवी पाचक रसांच्या कोठाराकडे ओढतात व तेथें जंतूचा नाश होतो. २०१६ सालीं याच गटानें दाखविलें कीं पिशवीच्या आवरणावर स्निग्ध पदार्थांचे ठिपके असतात आणि त्यांवर डायनीन एकत्र जमतात. काळा आजार उत्पन्न करणाऱ्या लीशमानिया या परजीवीच्या अंगावरील एक द्रव्य हे ठिपके मोडून टाकतें. मग डायनीन विखुरतात, पिशवी वाटेंत रखडते आणि शत्रु आंत सुखानें जगतो.

भारवाहकांना ठार मारण्याची त्याला गरजच पडत नाहीं; त्यांची फळी फोडली कीं त्याचें काम झालें. या ज्ञानांतून उद्यां औषध निघो वा न निघो, रक्षक पेशीची हार नेमकी कोठें होते तें आतां आपणांस कळलें आहे.