रानातली शाळा

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी पुन्हा शाळेत नाव घातले. शाळा कर्जतजवळच्या एका ठाकरवाडीत. छप्पर आभाळाचे आणि बाई म्हणजे सत्तरीकडे झुकलेली एक ठाकर आजी. तिला अक्षरओळख नाही, मला रानओळख नाही. दोघांत अडाणी कोण, हे वाचकांनीच ठरवावे!

निमित्त झाले शेवळ्यांचे. मृगाचे दोन-चार पाऊस पडले की ठाणे-कल्याणच्या बाजारांत शेवळ्यांच्या जुड्या येतात. गेल्या जूनमध्ये भाव ऐकून मी आजीला म्हटले, "रानात फुकट उगवतात, त्याचे एवढे पैसे?"

"मंग चल की रानात," आजी शांतपणे म्हणाली.

गेलो. दोन तास चिखल तुडवल्यावर माझ्या हाती अवघी तीन शेवळी लागली. तेवढ्यात आजीचा ओचा भरला होता. शेवळे हा सुरणाच्या भाऊबंदातल्या रानटी झाडाचा फुलोरा. आजी तो वरचेवर खुडी, पण मातीतल्या गड्ड्याला हात लावीत नसे. "ह्यो ऱ्हायला तर फुडच्या साली पुन्हा येल," ती म्हणाली. निघताना तिने मूठभर काकडे दिली आणि बजावले, "आतला पिवळा भाग काढ, अन् ही घातल्याबिगर शिजवू नको."

शेवळ्यात सुईसारखे सूक्ष्म खडे असतात, तेच घशाला टोचतात, म्हणून काकडे किंवा चिंचेची आंबट जोड लागते. पण घरी येईपर्यंत मी पंडित झालो होतो! सौभाग्यवतींनी काकडे मागितली, तेव्हा ती स्टेशनावरच कुठेतरी पडल्याचे ध्यानात आले. "काही अडत नाही," मी म्हणालो. पहिल्याच घासाला घसा असा खवखवला की संध्याकाळपर्यंत माझे भाषण बंद. घरच्यांनी त्या शांततेचा मनमुराद आनंद लुटला.

दुसरा धडा मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आश्विनात आम्ही करांदे काढायला गेलो. एका जाळीत दोन सुकत आलेले वेल गुंतले होते. मी उत्साहाने एकाचे मूळ खणले आणि कंद पुसून नाकाशी नेला. आजीने फाडकन माझ्या हातावर चापट मारली. तो कळलावीचा कंद होता! नांगरासारख्या आकारामुळे संस्कृतात तिला लांगली म्हणतात. तिच्यातले विष माणसाचा जीव घेते. आजीने पान दाखवले: करांद्याचे पान हृदयाच्या आकाराचे, कळलावीचे लांबट आणि टोकाशी आकडीसारखे वळलेले. "पान बघितल्याबिगर कंद उपटायचा नाय," ती एवढेच बोलली. तिचा हात मात्र थरथरत होता.

मग तिने कडू करांद्यांची रीत सांगितली. चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या, रात्रभर वाहत्या ओहळात ठेवायच्या, तेव्हा कडूपणा उतरतो. ही रीत कुणी पहिल्यांदा शोधली असेल? आणि ती सापडेपर्यंत किती जणांनी काय काय सोसले असेल? वाडीतली पोरे आता शहरात कामाला जातात. आजीच्या मागे रानात जायला त्या दिवशी मी एकटाच होतो, आणि मी हा असा विद्यार्थी!

वाचकहो, चित्रे पाहून रानात कंद खणायला जाऊ नका. जाणते माणूस बरोबर हवेच. एवढे जमले नाही, तरी येत्या मृगात शेवळ्यांची जुडी घेताना घासाघीस करू नका. त्या पैशांत भाजी तर मिळतेच. शिवाय ती खाऊन आपण सुखरूप राहावे, याची जोखीम आपल्या आधी कुणीतरी घेतलेली असते.