ढगांच्या वरची सोनेरी छत्री

दोस्तांनो, जुलैत बेळगावात झड लागली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. दप्तर वाळत नाही, बूट वाळत नाहीत. आता उलटा विचार करा. आपल्याला जसा सूर्य दिसत नाही, तसं आकाशातल्या कॅमेऱ्याला आपलं गावही दिसत नाही! त्याला दिसतात फक्त ढगांच्या पांढऱ्या गाद्या.

एरवी चालतं हो. पण जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा पात्र सोडून पुणे-बेंगळुरू महामार्गावर आली. गाड्या जागच्या जागी थांबल्या. पाणी कुठवर पसरलंय हे वरून बघायची खरी गरज तेव्हाच होती, आणि नेमके तेव्हाच ढग आडवे!

मग ढगांच्या पलीकडचं बघणार कोण? निसार! भारताच्या इस्रोने आणि अमेरिकेच्या नासाने मिळून बनवलेला हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून झेपावला. वर जाताना त्याचा अँटेना छत्रीसारखा मिटलेला होता. १५ ऑगस्टला तो उघडला. केवढा? १२ मीटर रुंद! म्हणजे तुमच्या वर्गात मावणारच नाही. आणि ही छत्री कापडाची नाही बरं, सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक तारांच्या जाळीची आहे.

निसार फोटो काढत नाही, हाक मारतो. विहिरीत वाकून ‘ओ’ दिली की आतून ‘ओ’ परत येते ना? तसाच तो रडारच्या लहरी खाली सोडतो आणि परत आलेल्या टिपून घेतो. या लहरी ढगांतून आरपार जातात. त्यांना उजेडही लागत नाही. त्याच्याकडे दोन प्रकारच्या लहरी आहेत. त्यांतल्या वीतभर लांबीच्या लहरी उसाच्या पाल्यातूनही बऱ्याचशा खाली शिरतात आणि काळ्या मातीत ओल किती आहे याचा सुगावा आणतात.

आणि पूर? तो कसा कळतो, ते घरीच बघा. खोलीत अंधार करा. जमिनीवर पांढरा कागद पसरा, त्यावर छोटा आरसा ठेवा. आता डोळ्यांजवळ टॉर्च धरून तिरका झोत टाका. कागद लख्ख दिसेल आणि आरसा? काळाकुट्ट! कारण आरशाने सगळा उजेड पलीकडच्या भिंतीकडे उडवला, तुमच्याकडे काहीच आलं नाही. संथ पाणी हा असाच आरसा. खडबडीत रानातून लहरी परत येतात, पाण्यावरून पलीकडे निसटतात. म्हणून रडारच्या चित्रात पाणी काळं दिसतं. वेदगंगा पात्राबाहेर आली, की चित्रातली तिची काळी रेघ फुगलेली दिसणार!

निसार आपल्यापासून ७४७ किलोमीटर उंचावर आहे. निपाणीपासून बेळगावपर्यंतचं अंतर तो दहा-एक सेकंदांत कापतो. तेवढ्यासाठी आपल्या बसला दीडेक तास लागतो, आणि जवळपास तेवढ्याच वेळात निसारची अख्ख्या पृथ्वीला एक फेरी होते! दर १२ दिवसांनी तो पुन्हा त्याच वाटेवर येतो. आधीचं आणि आताचं चित्र ताडून बघितलं, की जमीन बोटाच्या पेराएवढी खचली तरी कळतं.

पुढच्या पावसाळ्यात आभाळ भरून आलं आणि समोरचं शिवारही दिसेनासं झालं, तर वर बघून हात हलवा. तुमचा हात त्याला दिसणार नाही. पण तुमच्या पायाखालची माती किती भिजलीय, ते त्याला नक्की कळेल.