दुहेरी ठशाचा पैसा

आमच्या कर्जतच्या घरीं लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनांत मूठभर जुनीं नाणीं पुजण्याची चाल आहे. त्यांत दोन-तीन शिवराया आहेत, एक राणीछाप रुपया आहे, आणि कोणीतरी सहज टाकलेला १९५७ सालचा एक नवा पैसाही आहे. गेल्या दिवाळींत थोरल्या पुतण्यानें तो पैसा उजेडांत धरला व "काका, ह्यावरचें साल दोनदां उमटलें आहे," असें म्हणून माझ्या हातीं दिला. खरोखरच आंकड्यांच्या बाजूस दुसरी एक कड दिसत होती.

त्यानें त्याचें छायाचित्र कोठेंसें पाठविलें मात्र, दुसऱ्याच दिवशीं एका अपरिचित गृहस्थाचा फोन आला. नाण्याचे तीन लाख येतील, परंतु अगोदर नोंदणीचे ५,००० रुपये पाठवावे! पुतण्याची महाविद्यालयाची फी भरावयाची होती. दादा पैसे पाठविण्याच्या बेतांत होते. मीं एक रात्र मागून घेतली आणि भिंग काढलें.

टांकसाळींत उठावाच्या मूळ मुद्रेनें पोलादावर दाब देऊन नाणीं पाडण्याचा खोलगट ठसा तयार करीत. एका दाबानें चित्र पुरतें उतरत नसे. म्हणून पोलाद तापवून, मऊ करून पुन्हां दाब द्यावा लागे. ह्या दुसऱ्या खेपेस ठसा केसभर जरी फिरला, तरी अक्षरांची दुसरी प्रत पहिलीच्या शेजारीं उमटे, आणि मग त्या ठशाखालून निघणारें प्रत्येक नाणें तोच दोष घेऊन येई. १९५५ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फियाच्या टांकसाळींत असेंच झालें. २०,००० हून अधिक सेंट चांगल्या नाण्यांत मिसळून बाहेर पडले, आणि त्यांतले पुष्कळ सिगारेटच्या पाकिटांबरोबर सुट्या पैशांच्या रूपानें लोकांच्या हातीं गेले. व्यसनानें कोणाचें कल्याण झालें असेल तर तें एवढेंच! त्यांवरील साल नुसत्या डोळ्यांनीं दुहेरी दिसतें.

परंतु दुहेरी दिसणारें सर्वच दुहेरी ठशाचें नसतें. ठसा यंत्रांत सैल बसला असला, तर दाब देतांना तो किंचित् सरकतो व नुकतींच उमटलेलीं अक्षरें कडेनें चेपतो. तेथें पायरीसारखी सपाट, बुटकी कड होते आणि मूळ अक्षर उलट बारीक होतें. अशीं नाणीं विपुल आहेत. त्यांस कोणी अधिक मोल देत नाहीं. खऱ्या दुहेरी ठशांत दुसरें अक्षरही गोलसर व उठावदार असतें, अक्षराची जाडी वाढते, आणि टोंकाशीं दोन अक्षरें फांकल्याची खांच स्पष्ट दिसते. शिवराईची गोष्ट आणखी निराळी. ती हातोड्यानें पाडलेली. घाव दोनदां बसला तर दोष त्या एकाच नाण्यापुरता. आणि "दुदांडी" शिवराईवरील दोन रेघा तर दोष नव्हेतच, तें तिचें रूपच आहे.

आमचा पैसा अवघा १६ मिलिमीटर रुंदीचा. भिंगाखालीं सालाखालची शंकरपाळ्याच्या आकाराची मुंबई टांकसाळीची खूण दिसली, आणि आंकड्यांशेजारीं ती सपाट पायरीही दिसली. खांच कोठेंच नव्हती. शिवाय दरसाल चिंच व राख लावून घासल्यानें कडा गुळगुळीत झालेल्या. दुर्मिळ नाणें असतें तरी ह्या भक्तीनें त्याचें मोल अर्धें उतरलें असतें.

सकाळीं मीं दादांना हें सर्व दाखविलें. जुन्या नाण्यांच्या खरेदीसाठीं आपल्या नांवावर फी मागणाऱ्यांपासून सावध राहण्याची सूचना रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२१ मध्येंच काढली होती, तीही वाचून दाखविली. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. तीन लाखांची फी मनांतल्या मनांत भरून झाली होती ना!

शेवटीं वहिनींनीं भिशीच्या पैशांतून फीची सोय केली. पैसा ताम्हनांत परत गेला. पुतण्या मात्र सुटीस आला कीं अजून भिंग मागतो, आणि वहिनींनीं नाण्यांना चिंच लावण्याचें सोडलें आहे.