चिकुनगुन्या विषाणूचा जनुकीय मागोवा

चिकुनगुन्या विषाणूचा जनुकीय मागोवा म्हणजे रुग्णांच्या रक्तातून व डासांतून मिळालेल्या विषाणूंच्या जनुकीय क्रमांची तुलना करून साथीचे मूळ आणि प्रसार शोधण्याची पद्धत होय. 2005-06 च्या भारतातील साथीचा विषाणू जुन्या साथींतील विषाणूपेक्षा वेगळ्या प्रकारचा होता, हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या अभ्यासातून स्पष्ट झाले.

पार्श्वभूमी

चिकुनगुन्याच्या साथी 1963 मध्ये कोलकाता, 1965 मध्ये नागपूर आणि 1973 मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे आल्या. त्यानंतर सुमारे तीन दशके मोठी साथ आली नाही. 2005 च्या अखेरीस आंध्र प्रदेशात रोग पुन्हा उद्भवला. 2006 मध्ये देशात सुमारे 13.9 लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्रातील संख्या अडीच लाखांहून अधिक होती.

पद्धत

या विषाणूचा जनुकसंच सुमारे 11,800 घटकांच्या एकपदरी आरएनएचा असतो. तापाच्या पहिल्या काही दिवसांत घेतलेल्या रक्तातून आरएनए वेगळा करून त्याचे डीएनएत रूपांतर करतात व घटकांचा क्रम वाचतात. क्रमांतील फरकांवरून विषाणूंचा वंशवृक्ष मांडला जातो.

निष्कर्ष

1963 ते 1973 या काळातील भारतीय विषाणू आशियाई प्रकाराचे होते, तर 2006 मधील विषाणू पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी प्रकाराचे. पुणे जिल्ह्यातील यवत येथे 2000 मध्ये एडीस इजिप्ती डासांत सापडलेला विषाणूही आफ्रिकी प्रकाराचाच होता. म्हणजे हा प्रकार साथीच्या किमान पाच वर्षे आधीच महाराष्ट्रात पोहोचला होता.

उत्परिवर्तन

ई1 प्रथिनातील 226 व्या स्थानी अ‍ॅलनिनऐवजी व्हॅलिन आल्यास विषाणू एडीस अल्बोपिक्टस डासात अधिक सहज वाढतो. रियुनियन बेटावरील साथीत दिसलेला हा बदल 2007 मध्ये केरळमध्येही आढळला.

मर्यादा व प्रतिबंध

वंशवृक्षावरून विषाणूंचे नाते कळते. मात्र साथ भडकण्याचे कारण केवळ त्यावरून ठरत नाही. लोकांची प्रतिकारशक्ती, डासांची घनता व पाणीसाठ्याच्या सवयीही पाहाव्या लागतात. अकोल्यात नळाचे पाणी काही दिवसांआड येत असल्याने मोर्णाकाठच्या जुन्या शहरासारख्या दाट वस्तीत ते टाक्यांत व पिंपांत साठवले जाते. एडीस इजिप्ती अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. त्यामुळे विषाणू कोणत्याही प्रकाराचा असला, तरी भांडी झाकणे आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी करणे हा प्रतिबंधाचा मुख्य उपाय आहे.