विमान वाहतूक नियंत्रण : सीमापार सुरक्षा

एका राष्ट्राच्या हवाई क्षेत्रातून दुसऱ्या राष्ट्राच्या क्षेत्रात जाणाऱ्या नागरी विमानास अपहरण, चुकीची ओळख, क्षेपणास्त्रांचा मारा किंवा खोटे रेडिओ संकेत यांपासून धोका उद्‌भवल्यास संबंधित नियंत्रण केंद्रांनी परस्पर सहकार्याने करावयाची कार्यवाही. विमानांची टक्कर टाळणे हे नियंत्रकाचे मूळ काम होय. आक्रमण थोपविण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. त्याच्या हाती असते ती माहिती. ती सीमेपलीकडे वेळेवर पोहोचणे व तीवर विश्वास ठेवला जाणे, यांवर ही व्यवस्था अवलंबून असते.

कायद्याची चौकट : १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राचे स्वतःच्या हवाई क्षेत्रावर पूर्ण सार्वभौमत्व असते. खुल्या समुद्रावरील सेवेची जबाबदारी मात्र उड्डाण-माहिती क्षेत्रे पाडून निरनिराळ्या राष्ट्रांना वाटून दिलेली आहे. उदा., अरबी समुद्राच्या मोठ्या भागाची जबाबदारी मुंबई केंद्राकडे असून त्याची हद्द कराची व मस्कत येथील क्षेत्रांना भिडते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना नियम ठरविते. परंतु आपले आकाश बंद करण्याचा निर्णय त्या त्या राष्ट्राचाच असतो. मार्गनिर्देशन साधनांची नासधूस करून किंवा खोटी माहिती देऊन उड्डाण धोक्यात आणणे, हे १९७१ च्या माँट्रिऑल कराराने गुन्हे ठरविले.

कार्यपद्धती : विमानातील ट्रान्सपाँडर हे उपकरण रडारच्या पृच्छेस चार अंकी संकेतांकाने उत्तर देते. ७५०० हा अंक अपहरण, ७६०० संदेशवहनातील बिघाड, तर ७७०० अन्य आणीबाणी दर्शवितो. असा अंक दिसताच नियंत्रक पुढील मार्गावरील केंद्रांना व हवाई संरक्षण दलास कळवितो. लढाऊ विमानाने अडविल्यास १२१.५ मेगॅहर्ट्‌झ या आणीबाणीच्या कंप्रतेवर संपर्क साधावयाचा असतो.

महत्त्वाच्या घटना : १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सेऊलकडे जाणारे कोरियन एअर लाइन्सचे विमान मार्ग चुकून सोव्हिएट हद्दीत शिरले. सॅखालीन बेटाजवळ ते पाडले जाऊन २६९ जण मृत्युमुखी पडले. वरील कंप्रतेवर त्याच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न झाला नव्हता. त्यानंतर १९८४ मध्ये शिकागो करारात ‘३ बिस’ हे कलम घालून उड्डाणातील नागरी विमानाविरुद्ध शस्त्र वापरण्यापासून राष्ट्रांनी परावृत्त राहावे, असे बंधन घालण्यात आले. ते १९९८ मध्ये अंमलात आले. अमेरिका, जपान व सोव्हिएट संघ यांनी १९८५ मध्ये आपल्या नियंत्रण केंद्रांत थेट संपर्क ठेवण्याचा समझोता केला.

काठमांडूहून दिल्लीस येणाऱ्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे २४ डिसेंबर १९९९ रोजी अपहरण झाले. अमृतसरहून ते लाहोरकडे गेले, तेव्हा तेथे प्रथम परवानगी नाकारून धावपट्टीचे दिवे मालविण्यात आले. इंधन संपत आल्यावरच उतरू देण्यात आले. अपहृत विमानास आश्रय देण्याची जोखीम आणि ते कोसळण्याचा धोका यांतील हा पेच होता.

१७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचे विमान क्षेपणास्त्राने पाडले जाऊन २९८ जण मरण पावले. तेथील आकाश ३२,००० फुटांपर्यंतच बंद होते. विमान ३३,००० फुटांवर होते. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानजवळ युक्रेनचे प्रवासी विमान इराणी संरक्षण दलाने चुकीने पाडले व १७६ जण दगावले; तेव्हाही नागरी वाहतूक चालूच होती. या दोन्ही प्रसंगी नियंत्रण यंत्रणेचे तंत्र अपुरे पडले नव्हते; धोका ज्ञात असूनही आकाश वेळीच बंद झाले नव्हते.

अलीकडे उपग्रहीय मार्गनिर्देशनाचे संकेत दडपणे किंवा खोटे संकेत पाठविणे, असे प्रकार संघर्षग्रस्त प्रदेशांच्या आसपास वाढले आहेत. विमान स्वतःचे म्हणून कळविते ते स्थानच त्यामुळे चुकीचे ठरू शकते. म्हणून रडार, भूस्थित साधने व शेजारच्या केंद्राशी प्रत्यक्ष संभाषण यांची गरज कायम आहे.