हाकाची वापसी : युक्कोनेन 2019

फिनिश भाषेत ‘युक्कोनेन’ म्हणजे ‘एक नंबर’, पण 2019 मध्ये हे नाव दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉल लीगचं होतं. दहा संघ, प्रत्येकी 27 सामने. हिवाळ्यात मैदानं गोठतात, म्हणून फिनलंडमधला हंगाम एप्रिलच्या सुमारास सुरू होऊन शरद ऋतूत संपतो.

माझा जीव मात्र एकाच संघात अडकला होता : एफसी हाका. वाल्केयाकोस्की हे कागद गिरण्यांचं छोटं गाव. हाकाच्या मैदानाचं नावच ‘तेहतान केंत्ता’, म्हणजे कारखान्याचं मैदान. एवढ्याशा गावाच्या क्लबने फिनलंडचं विजेतेपद नऊ वेळा जिंकलंय! 2012 मध्ये तोच क्लब वरच्या लीगमधून खाली घसरला आणि तब्बल सात वर्षं खालीच राहिला. त्याला बाहेर काढलं प्रशिक्षक तेमू ताइनिओने. इंग्लंडच्या टॉटनहॅमकडून खेळलेला, याच हाकात घडलेला मिडफिल्डर. आपल्या माणसाने आपला क्लब सावरला, याचा मला आजही आनंद होतो.

अव्वल ठरून हाका थेट वर गेला. दुसऱ्या आलेल्या तुर्कूच्या टीपीएसला मात्र वरच्या लीगमधल्या केपीव्हीशी प्लेऑफ खेळावा लागला. तो जिंकून तेही वर गेले.